नी-कॅपमधली वाफ

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या शाळेतल्या मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत आंब्याचा वास यायचा, आणि मी त्या वासाचं कौतुक केलं होतं. एरवी त्या खोलीला घामट मोज्यांचा आणि फिनेलचा वास. मला वाटलं, पोरी मोठ्या झाल्या, मारत असतील काहीतरी स्प्रे. एकदा तर मी विचारलंसुद्धा, "कुणी आणलाय गं सेंट? छान आहे." पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. भर श्रावणात आंबा कुठून आला, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या बाईला कळायला हवं होतं. नाही कळलं.

मी राहुरी तालुक्यातल्या एका मोठ्या गावातल्या शाळेत खेळ शिकवते. चोवीस वर्षं झाली. शाळेत व्यायामशाळा नाही, कुंपण अर्धंच आहे, साखर कारखान्याचं गळीत सुरू झालं की उसाच्या ट्रॅक्टरचा धुरळा थेट मैदानावर येतो. पण खो-खोचे दोन खांब ताठ उभे आहेत, आणि मैदानातले खडे माझ्या पोरींनी स्वतः वेचून काढलेले आहेत. दर वर्षी आम्ही तालुका जिंकतो आणि दर वर्षी जिल्ह्याला मार खाऊन परत येतो. जिल्हा जिंकायचाच, हे माझ्या डोक्यात किती वर्षांपासून बसलं होतं ते आता सांगायलाही लाज वाटते.

ती आठवीत माझ्याकडे आली. काटकुळी, लांब पायांची, बोलायला फटकळ. वडील साखर कारखान्यात फिटर, आई घरी ब्लाऊज शिवायची. पहिल्याच आठवड्यात तिने मैदानावर मला वेडं केलं. पाठलाग करणारी हात पुढे करायची तेव्हा ही तिथे नसायचीच. हुलकावणी द्यायची ती खांद्याने नाही, नुसत्या नजरेने. नववीत ती तीन-तीन मिनिटं बाद व्हायची नाही. बाहेर आली तरी बोलत बोलत यायची, धाप नाही. इतक्या वर्षांत तशी पोर माझ्या हाताखाली आली नव्हती.

दहावीच्या सुरुवातीला ती दीड मिनिटातच गुडघ्यांवर हात ठेवून वाकायला लागली. मी म्हटलं, रक्त कमी असेल, या वयात होतंच. ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्त तपासलं. रिपोर्ट बरा आला. तरी मी घरून गूळ-शेंगदाण्याचे लाडू करून नेऊ लागले. रोज सरावानंतर माझ्यासमोर एक लाडू खायला लावायचे. ती मुकाट्याने खायची. पुढे सगळं कळल्यावर मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर त्या लाडवांचा.

सप्टेंबरात तालुका जिंकल्यानंतरच्या सरावात तिने खांबापाशी सूर मारला, आणि तिच्या गुडघ्याच्या नी-कॅपमधून एक नारिंगी कांडी निसटून मातीत पडली. मी उचलली. पुस्तकातल्या ओळी रंगवायचा मार्कर असतो ना, तशी दिसत होती.

"मॅडम, मार्कर आहे. द्या ना," ती धावत आली.

"मैदानावर मार्कर कशाला? सुटल्यावर घे," म्हणून मी तो ट्रॅकपँटच्या खिशात टाकला.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत संघाची यादी करत होते. जिल्ह्याला जाणाऱ्या बारा मुलींच्या नावांवर खूण करायची होती. खिशातून ती कांडी काढली, टोपण काढलं आणि कागदावर घासली. उमटेना. झटकली, पुन्हा घासली. समोर आमचे संगणकाचे तरुण शिक्षक डबा खात बसले होते. त्यांचा घास तसाच राहिला.

"मॅडम, काय करताय तुम्ही?"

"उमटत नाही हा."

"मॅडम, त्याने लिहीत नाहीत. ते तोंडात धरून ओढतात. वेप आहे तो. इलेक्ट्रॉनिक सिगारेट."

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, वास घेतला आणि मला दिली. आंबा. तोच आंबा. माझ्या कानशिलांवर कुणीतरी गरम पळी टेकवावी तसं झालं. ते सांगत होते, आत बॅटरी असते, निकोटिनचं पाणी असतं, ओढलं की वाफ होते, धूर दिसत नाही, कपड्यांना वास राहत नाही, राहिला तर फळांचा. आणि हे देशात विकायलाच बंदी आहे.

"बंदी आहे तर हिला कुठे मिळालं?"

शेंगदाणे कुठे मिळतात असं मी विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "स्टँडाजवळच्या मोबाइल कव्हरच्या दुकानात विचारा. म्हणजे तुम्ही विचारू नका. तुम्हाला नाही देणार."

शाळा सुटल्यावर मी तिला मैदानाच्या टोकाला, कालव्याच्या बाजूच्या लिंबाखाली नेलं. कांडी तिच्यासमोर धरली. ती रडली नाही. पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी राहिली.

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून."

"कुणी शिकवलं?"

"शिकवलं नाही कुणी. मामेबहिणीचा वाढदिवस होता. हायवेच्या कॅफेत. मागच्या बाजूला पडदे लावलेली खोली आहे, तिथे हुक्का होता. सगळे ओढत होते. व्हिडिओ काढायचा म्हणून मी पण ओढला. मग बहिणीच्या मैत्रिणीने हा दिला. म्हणली, हुक्का कुठे घेऊन फिरतेस, हे बरं."

"त्या कॅफेवाल्याने कुणाला वय नाही विचारलं?"

"केक बाहेरून आणलाय का ते विचारलं. बाहेरचा केक चालत नाही त्यांच्यात."

मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर.

"अगं, तुझी छाती आहे की भाता? दीड मिनिटात धापा टाकतेस!"

"मॅडम, यात तंबाखू नसते. आंबा असतो." हे तिने इतक्या विश्वासाने सांगितलं की मला आधी राग आला, मग भीती वाटली. पोर हुशार होती. विज्ञानात वर्गात पहिली यायची.

"न ओढता किती वेळ राहू शकतेस? खरं सांग."

तिने बोटांवर तास मोजले. मग म्हणाली, "पहिल्या तासापासून मधल्या सुट्टीपर्यंत. त्याच्या पुढे डोकं दुखतं. कुणी बोललं की मारावंसं वाटतं."

"अजून कोण आहे संघात?"

ते मात्र तिने सांगितलं नाही.

पुढे मी जे केलं ते आता सरळ लिहून टाकते. जिल्हास्पर्धेला एकोणीस दिवस राहिले होते. मुख्याध्यापकांना सांगितलं असतं तर तिचं नाव यादीतून गेलं असतं. वडिलांना सांगितलं असतं तर तिचं खेळणं बंद झालं असतं. मी स्वतःला समजावलं, पोरीची बदनामी नको, आपण सांभाळू, आपल्यावर तिचा विश्वास आहे. पण यातलं बरंचसं खोटं होतं. मला जिल्हा हवा होता. मी कांडी माझ्या कपाटात टाकली, तिच्याकडून शपथ घेतली, आणि झालं, सुटला प्रश्न, असं धरून चालले.

शपथेने सुटत नसतं. पहिल्या चार दिवसांत एका पोरीने खो उशिरा दिला म्हणून तिने तिच्या थोबाडीत मारली. वर्गात उत्तरपत्रिका फाडली. डोकं धरून बसायची, घाम फुटायचा. मी म्हणायचे, "सहन कर, मनाचा निग्रह ठेव." जन्मात कधी व्यसन न लागलेल्या माणसाला निग्रहावर बोलणं फार सोपं असतं. डॉक्टरकडे नेलं नाही, कारण गावच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात सगळं गाव बसलेलं असतं. दहाव्या दिवसानंतर ती अचानक शांत झाली, पळायला लागली, हसायला लागली. मी मनात म्हटलं, जिंकलो. ती सुधारली नव्हती, तिला दुसरी कांडी मिळाली होती. पण ते मला नगरलाच कळायचं होतं.

नगरला जिल्हास्पर्धेचा पहिला सामना तिने एकटीने ओढून काढला. तीन मिनिटं दहा सेकंद. बाजूच्या तालुक्यांचे शिक्षक येऊन विचारत होते, कुठली पोर आहे ही? मी अशी काही मान ताठ करून सांगत होते की विचारू नका. जेवणानंतर उपांत्य सामना. नावं पुकारली. ती नाही. अजून दोघी नाहीत. मी पाण्याच्या टाकीपाशी शोधलं, जीपमध्ये शोधलं. मग ज्या शाळेत स्पर्धा होती तिथल्या एक शिक्षिका मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारात उभ्या दिसल्या. त्यांच्या हातात एक गुलाबी कांडी होती आणि आत माझ्या तीन पोरी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"मॅडम, या तुमच्याच ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी वर काही कळवत नाही. पण यांना खेळवू नका आणि इथून घेऊन जा."

आम्ही राखीव पोरींना घेऊन खेळलो आणि एका डावाने हरलो. लगेच जीपने परत निघालो. एका लहान पोरीला गाडी लागली म्हणून राहुरी कारखान्याच्या अलीकडे थांबलो, तेव्हा ती खाली उतरून माझ्याजवळ आली. "मॅडम, मी सोडायचं बघितलं होतं," म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं नाही. त्या वेळी बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळं मुख्याध्यापकांना सांगितलं. तिघींचीही नावं सांगितली. सर ऐकत होते, कागदावर रेघोट्या ओढत होते. संध्याकाळपर्यंत तीन नावांचं एक नाव झालं. बाकी दोघींपैकी एकीचे वडील शाळेच्या कमिटीवर होते आणि दुसरीचा चुलता गावचा पुढारी. त्या दोघी "हात धुवायला गेल्या होत्या". राहिली फिटरची पोर.

मी तावातावाने सरांच्या खोलीत गेले. "सर, हे बरोबर नाही. तिघी होत्या. मी डोळ्यांनी पाहिलंय."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, तुम्हाला हे कधी कळलं होतं म्हणालात? स्पर्धेच्या एकोणीस दिवस आधी. मग तेही अहवालात लिहू का? सांगा, लिहितो."

मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले आणि मग बाहेर आले. माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत मी इतकी मुकाट कधीच झाले नव्हते. आणि तोंड बंद करायचं कुलूप मीच स्वतःच्या हाताने त्यांना नेऊन दिलं होतं.

तिचे वडील पहिल्या पाळीनंतर आले. कारखान्याचा निळा शर्ट, हाताला ग्रीस. गळीत सुरू व्हायचं होतं, कारखान्यात दुरुस्तीची घाई होती, त्यांना लवकर जायचं होतं. सर सांगत होते आणि ते ऐकता ऐकता खिशातून पुडी काढून तळहातावर तंबाखू मळत होते. चुना लावला, अंगठ्याने रगडली, थाप मारली.

"सर, आमच्या खानदानात कुणाला सुपारीचं बी व्यसन न्हाई," असं म्हणून त्यांनी चिमूट ओठाखाली ठेवली.

मी सरांकडे बघितलं. सरांना त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं.

"ह्या खो-खोनं बिघडली ती," वडील माझ्याकडे न बघता म्हणाले. "पोरीच्या जातीला गावोगाव फिरवायचं, चड्डीवर पळवायचं. बाई, तुमी चांगल्या हाय, पर आता बास. परीक्षेपुरती येईल साळंत."

"दादा, खेळामुळे नाही लागलं हे. उलट खेळामुळे लक्षात आलं. तिला डॉक्टरकडे न्यायला पाहिजे. एकदम बंद केलं की त्रास होतो तिला."

"तरास? असा तरास काढतो की जल्मात नाव घ्यायची न्हाई."

त्यांनी तिचा मोबाइल काढून घेतला, शाळा बंद केली, घराबाहेर पडणं बंद केलं. मारलंही. ते मला नंतर कळलं.

मी रागाच्या भरात त्या मोबाइल कव्हरच्या दुकानात गेले. पोरसवदा चेहऱ्याचा, पंचविशीतला माणूस. काचेवर देवाचा फोटो. मी म्हटलं, "ती ओढायची कांडी आहे का?"

"कसली कांडी मॅडम? चार्जर दाखवू का? टेम्पर्ड ग्लास?"

"आंब्याच्या वासाची."

त्याच्या डोळ्यांत एक क्षण काहीतरी हललं. मग त्याने हात जोडले. "मॅडम, आपण दोन नंबरचं काही ठेवत न्हाई. माझी बहीण तुमच्याकडंच खेळायची, ओळखलं नाही का?"

ओळखलं. त्याची बहीण चांगली खेळायची. मी तिथून पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "लेखी द्या. मुलीचं नाव, वय, पत्ता. तिचा जबाब लागेल, पालकांसमोर."

"नाव न देता नाही होणार? तुम्ही दुकान तपासा ना."

"मॅडम, आम्ही तपासतो. पण आम्ही जाईस्तोवर तिथं चार्जरच असतात. तक्रारदार पाहिजे."

तक्रारीसाठी तिच्या वडिलांकडे गेले तर त्यांनी दारातूनच हात जोडले. "उद्या तिचं लगीन करायचंय मला. ठाण्यात नाव न्हाई जायचं." आणि यात तेही अगदी चुकीचे होते असं मी म्हणू शकत नाही. ठाण्यात एका पोरीचं नाव गेलं तर गाव दुकानाचं नाव विसरतं आणि पोरीचं लक्षात ठेवतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात व्यसनाच्या समुपदेशनाची खोली आहे असं कळलं. सुट्टी टाकून गेले. खोली होती. दारावर पाटी होती. आत माणूस नव्हता. शेजारच्या खिडकीतली बाई म्हणाली, "पद रिकामं आहे. तुम्ही पुढच्या महिन्यात फोन करून या." मी त्या पाटीकडे बघत उभी राहिले आणि मला आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी भिंतीवर दगड मारावासा वाटला. शेवटी तिथल्याच एका छातीच्या डॉक्टरांनी दहा मिनिटं दिली. म्हणाले, "शिव्या देऊन, कोंडून जाणार नाही. तलफ येते तेव्हा ती थोडाच वेळ टिकते. तेवढा वेळ तिला काहीतरी करायला द्या. पळायला लावा. खेळाडू आहे म्हणता ना? मग तिचं खेळणं कशाला बंद केलं?"

हे मी कुणाला सांगणार होते?

नोव्हेंबरात एका दुपारी ब्लाऊज शिवायला टाकायचं निमित्त करून मी तिच्या घरी गेले. वडील कामावर होते. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली होती. खांद्याची हाडं वर आलेली. आईने माप घेता घेता हळूच विचारलं, "बाई, ही अशी किती दिस ऱ्हाईल?"

मी डॉक्टरांचं सांगितलं. आईने टेप गळ्यात अडकवला, मशीनवर कपडा टाकला. मग म्हणाली, "ह्यांची पहिली पाळी असती तवा पाच वाजता जात्यात. त्या आठवड्यात मी आनते हिला ग्राउंडवर. बाकीचे दोन आठवडे न्हाई जमायचं. चालंल का?"

तीन आठवड्यांतून एक आठवडा. कुठल्याच प्रशिक्षकाने असा सराव कधी ठरवला नसेल. मी म्हटलं, चालेल.

अशी ती यायला लागली. साडेपाचला, अंधुक उजेडात, डोक्याला स्कार्फ बांधून. आई शाल पांघरून खांबाला टेकून बसायची. पहिल्या दिवशी ती दोन फेऱ्या पळाली आणि ओकली. तिसऱ्या दिवशी माझ्यावर ओरडली, "तुम्ही मला जिल्ह्यासाठी ठेवलं होतं मॅडम. तुम्हाला काही माझी पडली नव्हती." आई उठून तिला गप्प करायला लागली. मी म्हटलं, "बोलू द्या. खरं आहे ते." मग ती रडली. महिन्याभरात पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या हाताला काय म्हणावं ते मला कळेना. माफी म्हणावी तर फार उशीर झाला होता.

एका सकाळी ती पळत असताना आईने मला विचारलं, "बाई, मिश्रीचं बी तसंच असतं का?"

"कसं?"

"न्हाई लावली की डोकं दुखतं, चिडचिड व्हती. मी लावते हिची धाकटी बहीण झाल्यापासनं. पोरीला सांगते सोड म्हणून, आन् मीच..." तिने बोटाने भाजक्या तंबाखूची पूड दाताला घासल्याची खूण केली आणि पदर तोंडाला लावला. दोन दिवसांनी आई म्हणाली, "सोडली बाई मी. तिच्यासंगं." त्यानंतरच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यात आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "लई अवघड हाय ओ हे. आपल्याला वाटतं पोरं मुद्दाम करत्यात." एवढ्या सगळ्या भानगडीत मला भेटलेल्या मोठ्या माणसांमधलं हे पहिलं शहाणं वाक्य होतं.

जानेवारीत शाळेने व्यसनमुक्तीची प्रभातफेरी काढली. वरून पत्रक आलं होतं, फोटो पाठवायचे होते. घोषणा देत आम्ही स्टँडापर्यंत गेलो. सगळ्यात पुढचा फलक कमिटीवाल्यांच्या मुलीच्या हातात होता. मोबाइल कव्हरच्या दुकानासमोर फेरी आली तर दुकानदार बाहेर येऊन उभा. त्याने पोरांसाठी पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणून ठेवले होते. मुख्याध्यापकांनी त्याचे आभार मानले, त्याच्यासोबत फोटो काढला. पोरं पाणी पीत होती. मी बाटली घेतली नाही. तेवढंच मी केलं, आणि तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

फेरीनंतर मी माझ्या संघातल्या पोरींना मैदानावर गोल बसवलं. फलक नाही, घोषणा नाही. मी त्यांना सांगितलं की मला एकोणीस दिवस आधी माहीत होतं आणि मी लपवलं, कारण मला चषक हवा होता. पोरी खाली बघत होत्या. मी म्हटलं, "तुमच्यात कुणी असेल तर मला सांगा. यादीतून नाव काढणार नाही, वरही सांगणार नाही. पण डॉक्टरकडे नेईन." आठवड्याने एकजण आली. मग अजून एक. दुसरी कमिटीवाल्यांची होती. तिला घेऊन मी डॉक्टरकडे गेले, आणि तिच्या घरी आम्ही दात दाखवायला गेलो असं सांगितलं. चुकलं असेल माझं. मला आता बरोबर काय तेच कळत नाही. सांगितलं तर पोर जाते, लपवलं तर पोर जाते.

ती मार्चमध्ये परीक्षेला आली. चांगल्या गुणांनी पास झाली. वडिलांनी तिला श्रीरामपूरला अकरावीला घातलं, "तिथं कुणी वळखत न्हाई" म्हणून. जाताना भेटायला आली नाही. मी वाट बघत होते, पण बोलावून घ्यायला तोंड नव्हतं.

या वर्षी ऑगस्टमध्ये एका स्पर्धेला पंच म्हणून मी श्रीरामपूरला गेले होते. कनिष्ठ महाविद्यालयाच्या मुलींच्या संघात ती दिसली, राखीव खेळाडूंच्या बाकावर. केस कापलेले, अंग जरा भरलेलं. सामन्यात तिला शेवटच्या तुकडीत उतरवलं. एक मिनिट चाळीस सेकंद टिकली. पूर्वीची ती नव्हती, पण नजर तीच होती. पाठलाग करणारी दोनदा तिच्या हुलकावणीला फसली, तेव्हा मी पंच आहे हे विसरून हात वर केला आणि मग पटकन केस सारखे केल्यासारखं केलं.

सामन्यानंतर ती पाण्याची बाटली घेऊन माझ्याजवळ आली. "मॅडम, वडिलांना माहितीये मी खेळते ते. आईने सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बूट आणून दिले."

"आणि ते?" मी विचारलं.

तिने इकडेतिकडे बघितलं. "तीन महिने सोडलं होतं. मग कॉलेजला आल्यावर परत. मग परत सोडलं. काल एक ओढला." तिने बाटलीचं झाकण घट्ट केलं. "तुम्हाला खोटं सांगणार होते. मग म्हटलं, नको."

मला संताप आला. तिच्यावर नाही. कुणावर ते सांगता येत नाही. शाळा, दुकान, पाटी, कारखाना, मी, सगळ्यांवर एकदमच. एवढं करून काल एक. इथेही कुठल्यातरी दुकानात काचेखाली चार्जर आणि खालच्या खणात आंबा, पुदिना, कलिंगड. माझ्या तोंडातून शिवी बाहेर येता येता राहिली.

"कुठून घेतलास?"

"मैत्रिणीकडून."

"काल किती वाजता?"

"कॉलेज सुटल्यावर. का?"

"त्या वेळी तुझा सराव नसतो?"

"नसतो. आमचा सराव मंगळवारी आणि शनिवारी असतो."

"मग रोज कॉलेज सुटलं की मला फोन करायचा. बस येईपर्यंत. उचलला नाही तर परत करायचा."

"काय बोलू रोज?"

"मला काय माहीत? शिव्या दे."

ती हसली. तिच्या कोचने हाक मारली आणि ती गेली. आता रोज चारच्या सुमाराला फोन येतो. कधी ती दोन मिनिटं बोलते, कधी नुसतीच स्टँडवरचा गोंगाट ऐकवत उभी राहते. काही दिवशी फोन येतच नाही. त्या दिवशी मी सरावाला पोरींवर विनाकारण ओरडते, आणि पोरींना आता कळतं मी का ओरडते ते.